घरातल्या मोठ्याच्या हातून

अनुसयाबाई महाजन यांनी पंचवीस वर्षं सुरतेतल्या खान्देशी माणसांच्या मरणाच्या बातम्या गोळा केल्या. ऐकणाऱ्याला हे काम चमत्कारिक वाटे. कोणी तसं म्हटलं, तर त्या उत्तर देत, "लग्नाची बातमी चुकली तर नवरा-नवरी भांडायला येतात. मेलेला माणूस येत नाही. म्हणून तिथे जपायचं." त्यांच्या या बोलण्यातला अर्धा भाग एका सोमवारी खोटा ठरला.

या कामात त्या शिरल्या त्या भांडायला जाऊन. त्यांचे यजमान १९९७च्या सप्टेंबरात लूमच्या खात्यात, मागावरच छातीत कळ येऊन गेले. सुरतेच्या लिंबायत भागात 'तापीकाठ' नावाचं चार पानी मराठी साप्ताहिक निघे. त्यात निधनाची बातमी आली, पण गंधमुक्तीची, म्हणजे सुतक फिटण्याची, तारीख एक दिवस पुढची पडली. अमळनेरहून सासरची माणसं आली तेव्हा जेवणावळ उठून भांडी घासून झाली होती. तो राग त्यांनी पुढे सात वर्षं धरला. अनुसयाबाई अंक हातात घेऊन छापखान्यात गेल्या. संपादक, मुद्रक आणि मुद्रितशोधक असे तिन्ही असलेले बाबुराव सोनवणे चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, बातमी येते ती दुसऱ्या-तिसऱ्या तोंडून. मी काय प्रत्येकाच्या दारात जाऊ?"

"मग मी जाते," अनुसयाबाई म्हणाल्या.

पुढच्या गुरुवारपासून त्या जाऊ लागल्या. घरी साड्यांना टिकल्या चिकटवण्याचं काम होतं, त्यामुळे वेळ हातात होता. शिक्षण सातवी, अक्षर गोल आणि मोठं. दारात चपला काढायच्या, बायकांत जाऊन बसायचं, रडणं ओसरलं की वहीत तीन गोष्टी लिहायच्या: नाव, मूळ गाव, गंधमुक्तीचा दिवस. शेवटी फोटो. तो घरातल्या मोठ्या माणसाच्याच हातून घ्यायचा, असा त्यांचा नेम होता. भिंतीवरून कोणी परस्पर काढून दिला, तर त्या म्हणत, "आधी मोठ्यांच्या हातात द्या." बाबुरावांनी एकदा कारण विचारलं. "देताना माणूस तोंडाकडे एकदा बघतोच," त्या म्हणाल्या. "बघितलं की चूक होत नाही." पंचवीस वर्षांत 'तापीकाठ'मध्ये चुकीचा चेहरा छापला गेला नाही.

२९ डिसेंबर २०२२ला साप्ताहिकाचा शेवटचा अंक निघाला. लोक फोनवर वाचू लागले होते आणि अंकांचे गठ्ठे तसेच परत येत होते. बाबुरावांचा पुतण्या सौरभ याने फेसबुकचं पान काढलं, व्हॉट्सॲपचे चार गट बांधले आणि 'तापीकाठ' तिथे नेलं. अनुसयाबाईंना याचं फारसं दुःख झालं नाही. साप्ताहिकात बातमी आठ-आठ दिवसांनी यायची. कितीतरी माणसांना आपला माणूस गेल्याचं कळायचं ते राख थंड झाल्यावर. आता सकाळी गेलेल्या माणसाला दुपारी खांदा द्यायला तीनशे माणसं जमतात, हे त्या डोळ्यांनी बघत होत्या.

खटका उडाला तो फोटोवरून.

"आक्का, दुसऱ्या गटात बातमी दहा मिनिटांत पडते," सौरभ म्हणाला. "तुम्ही जाणार, बसणार, रडणार, मग वही काढणार. तोवर आपलं पान कोण बघतंय?"

"मी रडत नाही. बसते."

"तेच ते. गटात माणसाचा नंबर असतो, नंबरावर त्याचाच फोटो असतो. तो उचलायचा. चालशे, तेवढं चालतं."

"तो फोटो बघितला कोणी?"

"हजार लोक बघतात की!"

"टाकायच्या आधी म्हणते मी."

सौरभ हसला. बाबुरावांचे डोळे अधू झाले होते आणि पान पुतण्याच्या हातात होतं. अनुसयाबाईंना एक फोन देण्यात आला आणि 'चुका दिसल्या तर सांगा' असं काम. त्या रोज सकाळी चहाबरोबर चुका सांगत. सौरभ त्या कधी सुधारी, कधी नाही.

सोमवार, १२ फेब्रुवारी २०२४. सव्वासातला पानावर बातमी पडली: चिंधा नारायण पाटील, मूळ गाव पिलखोड, राहणार गोडादरा, यांचं पहाटे निधन, अंत्ययात्रा अकरा वाजता राहत्या घरून. सोबत फेटा बांधलेल्या माणसाचा फोटो. अनुसयाबाईंनी तो बघितला आणि कप खाली ठेवला. चिंधाला त्या ओळखत होत्या. फोटो चिंधाचा नव्हता. तो त्याचा थोरला भाऊ दगा याचा होता, आणि दगा नवागाममध्ये त्यांच्यापासून दोन गल्ल्यांवर राहत होता.

त्यांनी सौरभला फोन लावला. तो लागेना. तेव्हा पदर खोचून त्या दगाच्या घराकडे निघाल्या.

त्या पोचल्या तेव्हा दारात सात-आठ बायका जमल्या होत्या. नाव न वाचता नुसता चेहरा ओळखून आलेल्या. एकीने गल्लीच्या तोंडाशीच रडायला सुरुवात केली होती, म्हणून बाकीच्यांनीही केली होती. त्यांच्यासमोर दगा पाटील स्वतः उभा होता. हातात अर्धी भाकरी, गळ्यात टॉवेल.

"अवं बाया हो, मी जित्ता से ना! कोनले रडतस?"

रडणं एकदम थांबलं. एक म्हातारी त्याच्याकडे निरखून म्हणाली, "मग फोटो कशाला दिला, मेल्या?"

दगाची सून वर्षा तोंडात पदर कोंबून आत पळाली. बायका पुटपुटत पांगल्या, पण दगाला हसू आलं नाही. त्यांच्यातल्याच एकीच्या फोनवर त्याने आता बातमी वाचली, खालचं नाव वाचलं. धाकटा भाऊ गेल्याचं त्याला असं, स्वतःच्या फोटोखाली वाचून कळलं होतं.

भावा-भावांत नऊ वर्षं बोलणं नव्हतं. चिंधाच्या मुलाच्या, धर्मेंद्रच्या, लग्नात मानाची टॉवेल-टोपी आधी थोरल्या काकाला मिळायला हवी होती. गर्दीत ती मुलाच्या मामाच्या हातात गेली. दगा न जेवता मांडवातून उठला. चिंधा मागे धावला नाही. एवढंच झालं होतं आणि एवढं पुरलं होतं.

"बघा आक्का, बघा," दगा म्हणाला. "भाऊ मेला तरी कोणी सांगायला आलं नाही. वरून माझा फोटो टाकला. म्हणजे मीच मरावं असं आहे त्यांच्या मनात. मी जाणार नाही."

"फोटो त्यांनी टाकला हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मग काय आभाळातून पडला?"

अनुसयाबाईंना ते अजून ठाऊक नव्हतं. घड्याळात पावणेनऊ झाले होते. अंत्ययात्रा अकराची. थोरला भाऊ तीन-चार किलोमीटरवर घरात बसून राहील आणि धाकटा त्याच्या खांद्याशिवाय जाईल, आणि त्याचं कारण 'तापीकाठ' असेल, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. त्या रस्त्यावर आल्या आणि गोडादऱ्याच्या शटल रिक्षात चौघांत दाटून बसल्या. रिक्षात सौरभचा फोन लागला.

"काढून टाकतो, आक्का. आत्ता काढतो."

"फोटो कुठून घेतलास?"

"त्याच्याच नंबरावरून. देवाशप्पथ. फेटा-बिटा होता, मला वाटलं चांगला आहे."

"धर्मेंद्रला विचारलंस?"

"तो इच्छापोरहून रात्रपाळी सुटून कंपनीच्या बसमध्ये होता. म्हणाला, फोटो घरी जाऊन पाठवतो. मी म्हटलं, तोवर..." बातमी त्याने काढून टाकली, पण तोपर्यंत ती अठराशे लोकांनी बघितली होती आणि दुसऱ्या गटांनी उचलून पुढे पाठवली होती. ती त्याला परत आणता येणार नव्हती.

गोडादऱ्याला चिंधाची बायको सुंदरा भिंतीला टेकून बसली होती. अनुसयाबाई नेहमीप्रमाणे चपला काढून शेजारी बसल्या. थोडा वेळ गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं. सुंदरा डोळे पुसून म्हणाली, "तो फोटो त्यांनीच ठेवला होता फोनात. मागच्या वैशाखात चाळीसगावला भावकीत लग्न होतं. दोघं एकाच मांडवात, पण हे खांबाच्या अलीकडे, ते पलीकडे. बोलले नाहीत. ह्यांनी लांबून काढला. मी म्हटलं, बोलत नाही तर तोंड कशाला मिरवता? तर म्हणे, माझा फोन आहे, मी काही ठेवीन."

"ह्यांचा स्वतःचा फोटो?"

"आधार कार्डावरचा. त्यात तर ओळखूच येत नाहीत."

अनुसयाबाईंनी वही उघडली. नाव लिहिलं, गाव लिहिलं, गंधमुक्तीचा दिवस लिहिला. मग, पंचवीस वर्षं विचारत आल्या तसं त्यांनी विचारलं, "घरात मोठं कोण?"

सुंदराने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "मोठं म्हणजे... जेठच की, ह्यांचे थोरले." मग म्हणाली, "त्यांना मी कोणत्या तोंडाने बोलावू? धर्मेंद्र म्हणतो, यायचं असेल तर येतील."

"बोलवायचं तुम्ही बघा. मला फोटो पाहिजे," अनुसयाबाई म्हणाल्या आणि उठल्या.

पुन्हा शटल रिक्षा, पुन्हा नवागाम. दहाला पाच मिनिटं कमी होती. दगा खाटेवर तसाच बसला होता. भाकरीचा तुकडा ताटलीत वाळत होता.

"फोटो द्या," अनुसयाबाई दारातूनच म्हणाल्या.

"कोणाचा?"

"चिंधाचा. बातमी दुरुस्त करायची आहे. घरातल्या मोठ्याच्या हातून घेते मी, तुम्हाला माहीत आहे."

"माझ्याकडे कशाला असेल? त्याच्या घरी मागा."

"त्याच्या घरी नाही. त्याच्या फोनात तुमचा होता."

दगाने मान वर केली. अनुसयाबाईंनी सांगितलं ते बातमी सांगतात तसं: काढला कोणी, वैशाखात, चाळीसगावला, खांबाच्या अलीकडून, ठेवला कोणी, सुंदराने काय विचारलं आणि चिंधाने काय उत्तर दिलं. पदरचं एक अक्षर घातलं नाही. 'चला' असंही म्हटलं नाही.

दगाने ताटली बाजूला सारली. मग म्हणाला, "मला दिसला नव्हता तो, फोटो काढताना."

"लांब होता."

"जवळ येऊन काढला असता तर मी काय खाल्लं असतं त्याला?"

दगा उठला. खाटेखालची पेटी ओढली, गोधड्या बाहेर काढल्या आणि तळातून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक फोटो काढला. सुरतेला आले त्या वर्षी, १९८८ साली, स्टेशनजवळच्या स्टुडिओत काढलेला. दोन पोरं, दोघांचे शर्ट एकाच कापडाचे, थोरल्याचा हात धाकट्याच्या खांद्यावर. दगाने तो हातात धरला आणि तोंडाकडे बघितलं. बघता बघता त्याने टॉवेल डोळ्यांना लावला. अनुसयाबाईंनी हात पुढे केला नाही. त्या थांबल्या.

"तिथेच देतो तुम्हाला," दगा म्हणाला. "वर्षा, माझ्या चपला दे."

साडेदहाला ते पोचले. धर्मेंद्र दारात उभा होता. त्याने काकाला बघितलं आणि बाजूला झाला. मग काय वाटलं कोण जाणे, वाकून पाया पडला. सुंदरा आतून मोठ्याने रडली, ती सकाळपासून पहिल्यांदाच. दगाने फोटो अनुसयाबाईंच्या हातात दिला आणि आत गेला. अकराला निघाले तेव्हा पहिला खांदा त्याचा होता.

त्याआधी दहा पन्नासला दुरुस्त बातमी पानावर आली. वर एक ओळ होती: 'सकाळी आम्ही चुकीचा फोटो टाकला. चूक आमची आहे.' ती अनुसयाबाईंनी सौरभकडून लिहून घेतली होती. तो 'तांत्रिक कारणामुळे' असं लिहायला निघाला होता. फोटोत दोघे नकोत म्हणून सौरभने एक चेहरा कापला, पण चिंधाच्या खांद्यावरचा हात कापता येईना. तो तसाच राहिला.

त्यानंतर 'तापीकाठ'चा नियम बदलला असं म्हणता येणार नाही. सौरभ अजून घाई करतो. फक्त निधनाचा फोटो घरच्या माणसाने पाठवल्याशिवाय टाकत नाही, आणि पाठवणाऱ्याला विचारतो, "मोठ्यांना दाखवला का?" लोक हो म्हणतात. दाखवला की नाही, ते कोणाला कळत नाही. जवळपासचं घर असेल तर अनुसयाबाई जातात. गुडघे दुखतात, त्यामुळे लांबचं जमत नाही. 'तापीकाठ'ची बातमी आता सगळ्यांत शेवटी येते, अशी तक्रार आहे. ती खरी आहे.

चुकीची बातमी मात्र फिरतच राहिली. मे महिन्यात ती कुठल्याशा गटातून फिरून पुन्हा 'तापीकाठ'च्याच गटात येऊन पडली. पारोळ्याच्या एका लग्नात दगाला जेवताना बघून दूरच्या एका नातेवाइकाच्या हातातलं पाण्याचं भांडं खाली पडलं. अनुसयाबाईंनी सौरभला बसवून, ती बातमी काढून टाका असं सांगायला, एकेका गटाच्या प्रमुखाला फोन करायची यादी केली आणि ती दगाला दाखवायला त्याच्या घरी गेल्या.

दगाने यादी वाचली आणि परत दिली.

"राहू द्या, आक्का," तो म्हणाला. "चिंधाने काढलेला माझा फोटो तेवढाच आहे."