अर्धं गाऱ्हाणं

लिफ्टमधली नोटीस सेक्रेटरीने स्वतःच्या हाताने खरवडून काढली. 'मास्क लावल्याशिवाय लिफ्ट वापरू नये.' ब्लेड घेऊन, कोपऱ्यापासून, अगदी मन लावून. मी तेव्हा त्याच लिफ्टमध्ये उभा होतो, तोंडावर मास्क, बाजूला आमची ही. त्याचं तोंड उघडं. खरवडता खरवडता शीळ घालत होता. म्हणाला, "काका, संपलं एकदाचं! आता आपण मोकळे."

आपण म्हणे. बोललो असतो तर खोकला आला असता, आणि मी खोकलो की लोक भिंतीला चिकटतात. त्यांना माझी भीती वाटते. खरं तर उलट असायला हवं.

माझी फुप्फुसं आखडत चालली आहेत. मरोळला स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायच्या कारखान्यात अख्खी नोकरी गेली, ती धूळ छातीत बसली आणि आता सोडायला तयार नाही. डॉक्टरने स्पष्ट सांगितलंय, साधी सर्दीसुद्धा तुम्हाला महागात पडेल. आम्ही मुलुंडला सहाव्या माळ्यावर राहतो. जिना मला जमत नाही. दर आठवड्याला श्वासाच्या व्यायामासाठी हॉस्पिटलात जावं लागतं. म्हणजे लिफ्ट आली. त्या डबीत खिडकी नाही, पंखा बंद पडलेला, आणि मला माणसांबरोबर त्यातूनच उतरायचं. माझा जीव तेवढ्या डबीत अडकलेला होता. बाकी जगाने काय करायचं ते करावं, माझी तक्रार नव्हती.

आता एक खरं बोलतो, कोणाला राग आला तर येऊ दे. मला लॉकडाऊन आवडला होता. माणसं मरत होती, रिक्षावाल्यांची वाट लागली होती, सगळं दिसत होतं मला. तरी आवडला. कारण पहिल्यांदाच अख्खी बिल्डिंग माझ्यासारखी जगायला लागली. सगळे दाराच्या आत. सगळे हात धुतायत. सगळ्यांच्या तोंडाला फडकं. आजवर मी एकटा चक्रम होतो, आता मी जाणकार झालो. लोक फोन करून विचारायचे, काका, दुधाची पिशवी कशी पुसायची, वाफ किती वेळ घ्यायची. बोटाला लावून ऑक्सिजन बघायचं ते छोटं मशीन तेव्हा अख्ख्या बिल्डिंगीत माझ्या एकट्याकडे होतं. सेक्रेटरीच्या आईला ताप आला तेव्हा तो दारात येऊन रडला होता, हो, रडला. मी मशीन पिशवीत घालून कडीला लावलं आणि आतून सांगितलं, "आकडा खाली गेला तर थांबू नकोस रे, लगेच अॅडमिट कर." त्याने केलं. म्हातारी वाचली. आजही टुणटुणीत आहे, मला त्याचा आनंदच आहे.

त्याच माणसाने शीळ घालत नोटीस काढली.

सोसायटीची मीटिंग पार्किंगमध्ये होती. मी वरून फोनवर बोललो. म्हटलं, तुम्ही गच्चीवर पार्ट्या करा, पावभाजी खा, नाचा, पण लिफ्टमध्ये मास्क राहू दे. फक्त लिफ्टमध्ये. खाली उतरेपर्यंत. स्पीकरवरून मला खालचा हशा ऐकू आला. मग सेक्रेटरी म्हणाला, "काका, एका माणसासाठी अख्ख्या बिल्डिंगने तोंड झाकून फिरायचं का? ज्यांना त्रास आहे त्यांनी घरात बसावं ना." कोणीतरी मागून ओरडलं, "करोना गेला, काका काय जात नाय!" परत हशा. कोण बोललं ते मला आवाजावरून कळलं. चौथ्या माळ्यावरचा. त्याच्या मुलीच्या लग्नात आम्ही दोघं पंगतीत वाढायला होतो.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांतच मला ती साधी सर्दी झाली. कोणाकडून ते कळायला मार्ग नाही, पण दोनच दिवस आधी लिफ्टमध्ये कोणीतरी मनसोक्त शिंकलं होतं आणि वर "सॉरी हां काका" पण म्हणालं होतं. सॉरी. मी हॉस्पिटलात गेलो, आत काचेच्या खोलीत पडलो, बाहेर बाकावर आमची ही बसून राहिली. परत आलो तो नाकात नळी घेऊनच. आता ऑक्सिजनचं मशीन पिशवीत घालून बरोबर न्यावं लागतं, आणि ती पिशवी धरायला ही.

घरी आलो त्या दिवशी मी ठरवलं, ह्यांना सोडायचं नाही. काय करणार ते ठाऊक नव्हतं. भांडायला दम नाही, पोलिसांत जायला कायदा नाही. नुसता राग, तोही बसून करायचा. पडल्या पडल्या मी एकेकाला शिव्या देत असे, मनातल्या मनात, म्हणजे श्वास लागत नाही.

आणि गंमत बघा, ते आपल्या पायांनी माझ्याकडे आले.

आमची बिल्डिंग अर्धीअधिक कोकणातली. गिरण्या बंद पडल्यावर परळ-लालबागच्या चाळींतून इकडे आलेली माणसं. येताना गणपती आणला आणि गाऱ्हाणं आणलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आरती झाली की एक जाणता माणूस देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलतो, मोठ्याने, मालवणीत. लेकरांना सांभाळ, चुकलं ते पोटात घाल, वाकड्या वाटेने जाईल त्याला सरळ वाटेला आण. तो जिथे थांबेल तिथे सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" नाही म्हणायची सोयच नाही. आमच्याकडचे गुजराती, विदर्भातले, सगळे ह्या एका ओळीपुरते मालवणी होतात. पोरं तर वाटच बघत असतात. आणि हे गाऱ्हाणं आमच्या बिल्डिंगीत आधी माझे वडील घालायचे, त्यांच्यानंतर मी. दुसऱ्या कोणाला येत नाही. येतं म्हणणारे आहेत, पण दोन वाक्यांत गाडी सायडिंगला.

सेक्रेटरी दारात उभा. "काका, दोन वर्षं तुम्ही फोनवरून घातलंत, मजा नाही आली हो. ह्या वेळी खाली या. पहिल्यासारखं होऊ दे."

पहिल्यासारखं! माझी फुप्फुसं पण पहिल्यासारखी करून देतोस का, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात डोक्यात लख्ख उजेड पडला आणि मी म्हटलं, "येतो ना. देवाचं काम."

ही चिडली. "कशाला जायचं गर्दीत? मरायचंय का?" म्हटलं, गेटजवळ लांब उभा राहतो, मास्क काढत नाही, माईक आहे. ती पुटपुटत आत गेली.

हॉस्पिटलातल्या व्यायामाच्या बाईंनी मला शिकवलं होतं, वाक्य तोडायचं, मधे श्वास घ्यायचा, घाई करायची नाही. एका दमात मला आता चार-पाच शब्दच जमतात. म्हणजे गाऱ्हाण्यात मी दर चार-पाच शब्दांनी थांबणार. आणि मी थांबलो की ते काय म्हणणार? ही भाजीला खाली गेली की मी तालीम करायचो. कुठे श्वास घ्यायचा ते मी ठरवून ठेवलं होतं. आयुष्यात इतक्या मनापासून व्यायाम केला नव्हता, च्यायला.

गणपतीच्या पहिल्या दिवशी आरती संपली. मी गेटजवळ, वारा येत होता तिथे उभा. मागे ही, मशीनची पिशवी धरून. समोर सगळी बिल्डिंग, एकाच्याही तोंडाला फडकं नाही. सेक्रेटरीने नवा कुर्ता घातलेला. माईक माझ्या हातात दिला.

"बा देवा गणपती म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पार्किंग दणाणलं.

"आज तुझी सगळी लेकरां जमली आसत... त्येंनी केलेली मोडकी-तोडकी सेवा... गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मधे मधे, मी श्वासाला थांबलो तिथेही म्हणत होते. पोरांना भलतीच मजा वाटायला लागली. नेहमीपेक्षा जास्त वेळा ओरडायला मिळत होतं ना.

"ह्या बिल्डिंगीक पीडा इली... तेव्हा सगळी दारां लावन बसली रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"सहाव्या माळ्यावरच्या म्हाताऱ्याकडसून मशीन मागून नेल्यानी... आपल्या आवशीक वाचवल्यानी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सेक्रेटरीचा आवाज जरा मागे राहिला. त्याची आई पुढे खुर्चीवर बसलेली, तिने हात जोडले.

"पीडा टळली... ह्येंका मोकळो वारो गावलो रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता सगळे रंगात आले होते. टाळ वाजत होते.

"आता लिफ्टीत तोंड झाकूक नको... खोकाक मोकळे, शिंकाक मोकळे... आणि सहाव्या माळ्यावरचो म्हातारो... मेलो तरी ह्येंका चलात..."

आणि मी थांबलो. श्वास घेतला. सावकाश, शिकवल्याप्रमाणे.

"व्हय म्हाराजा!"

काय जोरात! पुढून, मागून, चारी बाजूंनी. कोपऱ्यातल्या बायका, पोरं, चौथ्या माळ्यावरचा, सगळे. आणि मग एकेकाच्या डोक्यात उजेड पडत गेला. टाळ थांबले. एवढ्या माणसांत फक्त माझ्या मशीनचा फुसफुस आवाज. मला काय गोड वाटलं म्हणून सांगू! हॉस्पिटलच्या त्या काचेच्या खोलीतला सगळा कडवटपणा जिभेवरून उतरला.

सेक्रेटरी पुढे आला, घसा खाकरला. "काका, तुम्ही थांबलात म्हणून आम्ही..."

"मी श्वास घ्यायला थांबलो रे," मी माईकवरच म्हटलं. "बोललात तुम्ही. देवासमोर." आणि माईक टेबलावर ठेवून लिफ्टकडे चालू लागलो. गाऱ्हाणं तिथेच अर्धं टाकलं.

आता अर्धं गाऱ्हाणं टाकणं म्हणजे काय ते आमच्याच माणसांना कळेल. शेवटी 'जा काय वाकडा बोल्लो ता सरळ करून घे' असं म्हणून जाणत्याने देवापुढे गाठ मारायची असते. ती मारली नाही तर बोललेलं तसंच लटकत राहतं. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये नवी नोटीस. तीच, पण मोठ्या अक्षरात. कोणी सांगायच्या आधी सगळ्यांच्या तोंडाला मास्क. चौथ्या माळ्यावरचा तर लिफ्ट आली की मला बघून जिन्याने जायचा, गुडघा धरत. जा म्हटलं. माझ्यावरच्या प्रेमाने नव्हे हो, देवाच्या भीतीने. मला चालतं. माझ्या फुप्फुसांना प्रेम आणि भीती सारखीच.

विसर्जनाच्या दुपारी सेक्रेटरी आणि दोघं-तिघं दारात आले. मास्क लावून, हात जोडून. "काका, देव जायच्या आधी गाऱ्हाणं पुरं करा. आई रात्रभर झोपली नाही. म्हणते, म्हाताऱ्याच्या मरणाला तू हो म्हणालास."

"तुम्हीच म्हणालात ना, त्रास आहे त्याने घरात बसावं," मी म्हटलं. "मी घरात बसलोय." आणि दार लावलं.

आत आलो तो हसू आवरत नव्हतं. हसण्यासाठीही मला दम राखून ठेवावा लागतो, तरी हसलो. ही ओट्याशी मोदकांचं सारण ढवळत होती. म्हटलं, "बघितलंस? तोंडं बघितलीस एकेकाची? मी मेलो तरी चालेल म्हणाले! एक माणूस गप्प राहिला नाही गं, एक पण नाही!"

"मी पण म्हटलंय," ती मालवणीत म्हणाली.

घरात आम्ही आता मुंबईचंच बोलतो. मालवणी उरली ती देवाशी बोलायला आणि भांडायला. मी हसायचा थांबलो. मग मला आठवलं. त्या दिवशी सगळ्यात जवळचा आवाज मागून आला होता, अगदी कानाशी. मी तो धरलाच नव्हता.

"सवयीने म्हणाली असशील," मी म्हटलं.

तिने गॅस बंद केला आणि माझ्याकडे वळली. "सवयीन म्हटलंय काय रागान म्हटलंय, माका ठावक नाय. तुमका वाटता, लॉकडाऊन तुमचोच चालू आसा? सगळ्यांचो उठलो, तुमचो नाय उठलो. मगे माझो खय उठलो? भयणीच्या झिलाच्या लग्नाक मी गेलंय नाय. नातीचा बारसा मोबाईलार बघलंय. बाजारात गेलंय तरी कोणाकडे उभ्यान बोलाक नाय, घराक येवन पयली न्हातंय, मगे तुमच्या जवळ येतंय. माका साधी शिंक इली तरी मी मोरीत जावन तोंड दाबून शिंकतंय, तुमी भियाल म्हणान. त्या लोकांवर तुमी सूड घेतलास. बरा केलास. मी कोणावर घेव?"

ती थांबली. तिलाही धाप लागली होती. मी तिच्याकडे बघत उभा होतो, नाकात नळी, आणि नळीचं दुसरं टोक नेहमीप्रमाणे तिच्याच पायाशी, मशीनच्या पिशवीत.

मी म्हटलं, "व्हय म्हाराजा."

ती हसली नाही. डोळे पुसले, हात धुतले, आणि मास्क शोधायला लागली. खाली देव निघायची वेळ झाली होती.

"आज मी विसर्जनाक जातंय," ती म्हणाली. "सगळ्यांबरोबर, तलावापर्यंत. पिशवी तुमची तुमी धरा."