फटफटीच्या पोटात अक्षता

सासऱ्यासमोर तोंड वर करून बोलणारी सून म्हणजे वाया गेलेली सून. डोक्यावर पदर, नजर खाली आणि आवाज इतका बारीक की स्वतःलाही ऐकू जाऊ नये, असं पढवूनच मला अड्याळहून आसगावला पाठवलं होतं. आणि नशिबात सासरा आला बहिरा! आता काय करता?

तसे मामाजी जन्माचे बहिरे नव्हते. घराला लागूनच आमची धानाची गिरणी होती. तिच्या धडधडणाऱ्या इंजिनाशेजारी खाट टाकून ते उमरभर बसले आणि त्या इंजिनानं त्यांचे कान खाल्ले. माझं लग्न झालं तेव्हा त्यांना घरात फक्त माझाच आवाज ऐकू जायचा, कारण तो पहिल्यापासून खणखणीत. सासूबाईंचा अजिबात ऐकू येत नाही, असं ते सांगत. त्यावर सासूबाईंचा कधीच विश्वास बसला नाही. त्यामुळे माझं असं झालं होतं की पदर डोक्यावर आणि बोंब वेशीपर्यंत. "मामाजी, जेवाले चला जी!" असं मी ओरडले, की तलावाच्या पाळीवरून धुणं धुणाऱ्या बाया विचारत, "काय भाजी केली वं आज?"

गोठ्याच्या कडेला मामाजींची विलायती फटफटी उभी असायची. मँगनीजच्या खाणीवरचा गोरा साहेब आपल्या देशी निघाला, तेव्हा त्यांनी ती त्याच्याकडून घेतली होती. जवानीत तिच्यावर बसून ते धानाचे सौदे करत फिरले. मग एका उन्हाळ्यात तिचं इंजिन जाम झालं ते झालंच. तेव्हापासून कोंबड्या तिच्या सीटवर अंडी घालत आणि मामाजी रोज सकाळी धोतराच्या सोग्यानं तिची टाकी पुसत. सासूबाई म्हणत, "एवढ्या मायेनं मले कधी पाहिलं नाही."

भंडाऱ्याच्या डॉक्टरनं कान तपासले आणि सांगितलं, की हळूहळू उरलंसुरलंही जाईल, इलाज नाही. हे वाक्य मामाजींच्या कानात ओरडून सांगायचं काम पण माझ्याच गळ्यात आलं. दवाखान्यात बसलेल्या साऱ्या पेशंटांनी ते ऐकलं आणि हळहळले. मामाजी म्हणाले, "मंग फटफटी सुरू करा. कान जायच्या आंधी एकदा तिचा आवाज ऐकाचा हाय मले." दुसरं काही मागितलं नाही त्यांनी.

आमच्या ह्यांना काय, गिरणी चालवत होते म्हणून जगातलं प्रत्येक इंजिन आपला चुलतभाऊ वाटायचं. "इंजिन म्हणजे इंजिन," असं म्हणून दुसऱ्या दिवशी गिरणीचे पाने घेऊन बसले. एक पाना ढिला पडे, दुसरा आत शिरेना. दुपारपर्यंत दोन नटांचे कोपरे गोल करून ठेवले आणि माझ्यावर खेकसले, की चहा काहून नाही आणला! विलायती नटांचं मापच वेगळं असतं, हे मग कोणीतरी सांगितलं. तुमसरच्या एका जुन्या राइस मिलमधल्या मिस्त्रीजवळ तसे पाने आहेत असं कळलं, कारण त्या मिलचं इंजिनही विलायतेतूनच आलेलं. हे तिकडे पाने मागायला गेले. मिस्त्री म्हणाला, "माह्ये पाने कोनाच्या घरी एकटे जात नाही. मीबी येतो." आणि आला की ट्रंक घेऊन!

आता मला सांगा, पाहुणा म्हटल्यावर रांधणार कोण? मीच. चहा झाल्याशिवाय तो नटाला हात लावायचा नाही. अमावस्येला काम करायचा नाही. लाखोळीची डाळ त्याला चालायची नाही, का तर गुडघे धरतात. भाताचा मात्र डोंगर फस्त करून विचारायचा, "उरला असंन तर पाहा बाई." मी सासूबाईंना म्हटलं, फटफटीपेक्षा हाच जास्त तेल पिऊन राहिला. पण माणूस कामाचा होता, तेवढं मी कबूल करते. अडकलेल्या पिस्टनवर त्यानं मातीचं तेल, म्हणजे रॉकेल, आणि मोहाच्या बियांचं तेल ओतून ठेवलं, आणि एका दुपारी पिस्टन हलला तेव्हा पोरगा झाल्यासारखा ओरडत अंगणात आला. मामाजींनी त्याच्या हातावर गूळ ठेवला.

सिलिंडर घासून मोठा करायला नागपूरला न्यायचा होता. मी तो माझ्या जुन्या लाल लुगड्याच्या फडक्यात बांधून दिला. एसटीत ही गर्दी, आणि हे तो मांडीशी धरून उभे. एका म्हाताऱ्यानं फडक्याकडे पाहिलं, टोपी काढली आणि हळूच विचारलं, "वडील होते का जी?" ह्यांना आधी समजलंच नाही. समजलं तोवर अर्धा बाक रिकामा झाला होता. अस्थी घेऊन चाललेल्या माणसाला कोण उभं ठेवतं! हेही निर्लज्ज, नागपूरपर्यंत मान खाली घालून बसून गेले. घरी येऊन हसत हसत सांगितलं, तर सासूबाईंनी ह्यांच्यावरून मीठ-मिरच्या उतरवून टाकल्या आणि मामाजींवरून दोनदा.

दसऱ्यापर्यंत इंजिन जुळत आलं. मिस्त्रीनं सगळं आवळून, इंजिनच्या तेलाची वेगळी टाकी भरून, तिचं झाकण पुसायला बाजूला ठेवलं आणि आंघोळीला गेला. दसऱ्याला आमच्याकडे नांगर, वखर, गिरणीचा पट्टा, सगळ्याची पूजा होते. सासूबाईंनी फटफटीलाही हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, आणि उघड्या टाकीचं तोंड दिसलं तशा कलशात टाकाव्या तशा मूठभर अक्षता आत टाकल्या. वरून झाकणही नीट लावलं. किती नेमाच्या बाई!

मिस्त्रीनं दोन-चार किका मारल्या आणि आत 'कट्' झालं. उघडून पाहतो तर तेलाच्या पंपात लाल लाल तांदूळ, आणि पंपातलं एक चिमुकलं दातेरी चाक मोडलेलं. तो डोकं धरून मटकन खाली बसला.

"अजी, उपाशीपोटी कोन चालते?" सासूबाई म्हणाल्या. "तुम्हीच तर भात खाल्ल्याबिगर हलत नाही!"

आम्ही सारेच हसलो, मामाजीपण हसले, कारण मी सगळं त्यांच्या कानात ओरडून सांगितलं होतं. पण चाक मिळेना. तुमसरला घडवून घ्यायचं म्हटलं तर दिवाळीनंतर नवा धान आला, मिलचा हंगाम सुरू झाला आणि मालकाचा निरोप आला. मिस्त्री ट्रंक उचलून गेला. उन्हाळ्यात येतो म्हणाला.

संक्रांतीच्या सुमारास एका दुपारी मी अशीच ओरडले, "मामाजी, जेवाले चला जी!" ते तलावाकडे पाहत राहिले. मी जवळ गेले, कानाशी तोंड नेऊन जीव खाऊन ओरडले. समोरच्या घरातला कुत्रा उठून उभा राहिला. मामाजींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "ओरडली का तू?" मी चुलीपाशी जाऊन पोटभर रडले. सासूबाई आल्या, माझ्याजवळ बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, "माह्याच हातानं झालं वं."

उन्हाळ्यात मिस्त्री बोलल्याप्रमाणे आला, नवं चाक घेऊन. या वेळी त्यानं टाकीचं झाकण खिशात ठेवूनच आंघोळ केली. मामाजी धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून, फटफटीशेजारी खाटेवर बसले. ह्यांनी किक मारली. मग दुसरी. तिसरीला असा काही धडाका झाला की कोंबड्या कौलांवर, बैलानं दावं तोडलं आणि तलावावरच्या बाया ओल्या लुगड्यांनिशी धावत आल्या. हे नाचायला लागले. मिस्त्री सासूबाईंच्या पाया पडला, का ते त्यालाच माहीत.

मामाजी कानाला हात लावून वाट पाहत होते. "मारा ना किक," ते म्हणाले. "कायची वाट पाहून राहिले?"

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. शेवटी मीच पुढे झाले, त्यांचा हात धरला आणि थरथरणाऱ्या टाकीवर ठेवला. ते दचकले.

"सुरू हाय?"

मी मान हलवली.

"कवापासून?"

त्यांनी हात काढून घेतला. रागावले असतील असं वाटलं मला. पण ते माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "सूनबाई, सांग ना. कसा आवाज हाय?"

दारात अर्धं गाव उभं होतं. मी पदर डोक्यावर नीट घेतला, त्यांच्या समोर उकिडवी बसले आणि तोंड भरून ओरडायला लागले, "डुग-डुग-डुग-डुग!" हातानं त्यांच्या गुडघ्यावर ठेका धरला. मागे बाया फिदीफिदी हसल्या असतील, हसोत. मामाजींची नजर माझ्या ओठांवर होती आणि मान ठेक्यावर हलत होती. "हो," ते म्हणाले, "असाच होता."

तेवढ्यात मागे फटफटी दोनदा खोकली आणि बंद पडली. हे माझ्याकडे बघायला लागले. मामाजी डोळे न हलवता माझ्या तोंडाकडेच बघत होते, आणि मी थांबले नाही.