मधुभाऊ नाशिकला पायी जात

मधुभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी सिल्वाशाजवळ खडोलीच्या कारखान्यात, मशीनच्या गोंगाटात उभा होतो. नाशिकहून त्यांची मुलगी बोलत होती. "बाबा सकाळी फिरून आले, चहा टाक म्हणाले आणि..." पुढचं मला ऐकूच आलं नाही. महिना झाला त्याला. फिरून आल्यावर गेले, हे मात्र त्यांना शोभलं. अंथरुणाला खिळून गेले असते तर मी त्यांच्यावर रागावलो असतो.

मधुभाऊ आमचे प्रॉडक्शन मॅनेजर. सिल्वाशात नवे कारखाने उभे राहत होते, तेव्हा पुण्या-नाशिकहून आलेल्या पहिल्या इंजिनिअरांपैकी एक. दरवर्षी दिवाळी झाली की हा गृहस्थ पाच दिवसांची रजा टाकून घरी पायी निघे. खानवेल, जव्हार, मोखाडा, त्र्यंबक करत नाशिक. एकटाच. मनगटावरचं घड्याळ गेटवरच्या वॉचमनकडे ठेवून जायचा. आम्ही बरोबर येतो म्हटलं की हसून नाही म्हणायचे. "दोघं चाललो की गप्पा होतात, चालणं होत नाही." कॉलनीत त्यांना सगळे थोडे अर्धवट समजत. सगळ्यांत मी पुढे.

मग सत्त्याऐंशी सालचं ते प्रकरण झालं. आमच्याकडे सूत कागदी नळ्यांवर गुंडाळलं जाई आणि प्रत्येक लॉटच्या नळीचा रंग वेगळा असे, म्हणजे रंग कमीजास्त धरणारे दोन लॉट एकमेकांत मिसळू नयेत. एका दुपारी गुलाबी नळ्या संपल्या. मी ऑपरेटरला, भिका पाटलाला म्हटलं, दुसऱ्या लॉटच्या हिरव्या लाव, मी पेट्यांवर चिठ्ठी लावायला सांगतो. आणि विसरलो. पुढे सुरतेच्या व्यापाऱ्यानं ते सूत विणून कापड रंगवलं, तर सगळ्या ताग्यांवर पट्टेच पट्टे! शेठ भडकले. कुणी केलं, लिहून द्या, म्हणाले. मी लिहून दिलं : ऑपरेटरनं न विचारता नळ्या बदलल्या. मला नुकतंच क्वार्टर मिळालं होतं, मुलगी चार महिन्यांची होती... कारणं काय, हवी तेवढी मिळतात. भिका गेटबाहेर झाला. जाताना एवढंच म्हणाला, "साहेब, मी काय मनानं नव्हतं केलं. तुम्हीच बोल्ले व्हते ना."

मला जेवण जाईना. मधुभाऊंनी आठवडाभर पाहिलं आणि मग म्हणाले, "मोहन, तीन दिवस रजा घे. जव्हारपर्यंत चालत जा, येताना एसटीनं ये. घड्याळ ठेवून जा."

"कशाबद्दल विचार करू?"

"काही करू नकोस. तो आपोआप दमतो."

पहिला दिवस खानवेलपर्यंत मी नुसता भांडत होतो. शेठशी, भिकाशी, बायकोशी. एवढा बिनतोड बोललो की मीच माझ्यावर खूश. दुसऱ्या दिवशी टाचेला फोड आला. दुपारी एका पाड्यावर एका म्हातारीनं पाणी दिलं, नाचणीची भाकरी दिली, कुठून आलास, कुठं चाललास, काही विचारलं नाही. मला मात्र सगळं सांगावंसं वाटत होतं. रात्री शाळेच्या ओट्यावर मेल्यासारखा झोपलो. तिसऱ्या दिवशी जव्हारचा चढ लागला. श्वास आणि पाऊल, एवढंच उरलं. माझे सगळे मुद्दे खाली कुठेतरी मागे पडले होते आणि एकच वाक्य माझ्याबरोबर चालत होतं. नळ्या मी बदलायला सांगितल्या. एवढंसं वाक्य! त्याच्याभोवती आठवडाभर मी वकिली करत होतो. मला रडू आलं, आणि इतकं हलकं वाटलं की उरलेला चढ कधी संपला कळलं नाही.

परतल्यावर तशाच धुळकट कपड्यांनी शेठसमोर उभा राहिलो. त्यांनी झाडायचं तेवढं झाडलं, वर्षभर माझी शिफ्टची जबाबदारी काढून घेतली. भिका सोमवारी कामावर आला. माझ्याशी तो कितीतरी महिने बोलला नाही. बरोबरच होतं त्याचं. मधुभाऊंनी फक्त विचारलं, "फोड फुटला की आहे अजून?"

मधुभाऊंच्या तेराव्याला नाशिकला गेलो तर भिका आधीच आलेला. पंगतीत शेजारी बसला. थोड्या वेळानं म्हणाला, "साहेब, एक सांगू का? तेव्हा मी तुमचं डोकं फोडणार व्हतो."

मी त्याच्याकडे वळलो.

"भाऊंना समदं सांगितलं. बोललो, तुम्हीच सांगा ना शेठला. ते बोल्ले, सांगणार. पण मोहनला आठ-दहा दिवस दे, त्यालाच बोलू दे. आन तू गावाला पायी जाऊन ये, मग फोड डोकं. साक्रीपर्यंत चाललो, साहेब. सहा दिवस! घरी पोचलो तर राग कुठं सांडला, ध्यानातच नई."

म्हणजे मधुभाऊंना पहिल्यापासून ठाऊक होतं. मी खोटं लिहिलंय हे ठाऊक असताना ते रोज माझ्यासमोर बसून चहा पीत होते आणि मला एका शब्दानं टोचत नव्हते. माझ्यावर माझाही नव्हता एवढा त्यांचा विश्वास होता. पंगत उठली तरी मी पानावर बसून होतो.

यंदा दिवाळीनंतर भिका आणि मी नाशिकला पायी निघणार आहोत. मधुभाऊंच्या घरी, वहिनींना तसा निरोप दिलाय. आता आमचं बरं जमतं, म्हणून मी म्हटलं, "भिका, या खेपेला सोबत जाऊ या का?"

तो मधुभाऊंसारखाच हसला.

"नको साहेब. मी गुरुवारी निघतो, तुम्ही शुक्रवारी निघा."