हरणाऱ्याची बाजू

ओल्या मॅपलच्या पानांना चहाच्या चोथ्यासारखा मंद, तुरट वास असतो. इथे कॅनडातल्या मार्कहॅममध्ये ऑक्टोबर उतरणीला लागला की तो अंगणातून थेट घरात येतो, आणि यंदा तर माझ्या टेबलावरच मुक्कामाला आहे. कारण शेजारच्या मार्गरेटबाईंच्या बेसमेंटमधून आलेल्या एका पिवळ्या पडलेल्या टंकलिखित बाडालाही नेमका तोच वास आहे. घर विकून त्या काँडोत, म्हणजे इमारतीतल्या फ्लॅटमध्ये, चालल्या आहेत. मी सामान हलवायला गेलो, म्हणजे दोन खोकी उचलली आणि तिसऱ्यावर कंबर धरून बसलो. त्या पराक्रमाचं बक्षीस म्हणून त्यांनी हे बाड, म्हणजे त्यांच्या आजोबांचं मार्गरेटबाईंच्या आईने लिहिलेलं चरित्र, मला दिलं.

आजोबा शंभरेक वर्षांपूर्वी सीमेपलीकडे अमेरिकेत संघीय न्यायाधीश होते. लाकूडतोड्याचा मुलगा, कंदिलाच्या उजेडात कायदा वाचलेला, आडगावात वकिली केलेला, चाळिशीत न्यायासनावर बसलेला. त्यांचा इलाखा इतका विस्तीर्ण, की न्यायालयच आगगाडीने गावोगाव फिरे आणि पोस्टाच्या वरच्या मजल्यावर, शेगडीच्या धुरात आणि ओल्या लोकरीच्या वासात भरे. त्यांची एक रीत होती. निकाल लिहिताना पहिलं पान ते हरणाऱ्याला देत. त्याची बाजू अशी मांडत, की ऐकताना त्याने स्वतःच मान डोलवावी, आणि मगच त्याला हरवत. एकदा मात्र हिंदुस्थानातून आलेल्या एका शिंप्याचं नागरिकत्व, तो गोरा नाही या कारणावरून, रद्द करायचं ठरवून ते लिहायला बसले, आणि त्याची बाजू लिहिता लिहिता दुसरं पान त्यांना लिहवेना. निकाल शिंप्याच्या बाजूने गेला. वरच्या न्यायालयाने तो फिरवला. बढतीच्या यादीत आजोबांचं नाव पुन्हा कधी आलं नाही.

हे वाचून मी हळहळलो, आणि जरा चपापलोही. कारण आमच्या खानदानातला स्वयंघोषित न्यायाधीश मी. भाच्याने काय शिकावं, बहिणीने कोणत्या रंगाचा सोफा घ्यावा, हे सगळे निकाल मी व्हिडिओ कॉलवर देतो. त्यांवर अपील नसतं, आणि अंमलबजावणीही नसते. यंदा मात्र एक निकाल अंमलात येणार होता. बाबा गेल्यावर मेमध्ये आई नागपूरहून आली. नोव्हेंबरचं परतीचं तिकीट रद्द करून तिने आता इथेच राहायचं, असं मी जाहीर केलं. आई ‘बरं’ म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिचं बोलणं हिवाळ्यातल्या उजेडासारखं आखडत गेलं.

“बाबा, यू नेव्हर आस्क्ड हर,” कन्या इरा एवढंच म्हणाली. सुनेत्रा, माझी बायको, उठून तिच्या शेजारी जाऊन बसली. तिचं असं जागा बदलणं हे नेहमीच मुलीच्या बाजूने दिलेलं मत असतं.

तिकीट रद्द करण्याच्या आदल्या दिवशी दुपारी, खिडकीत तिरपं ऊन आलेलं असताना, मी त्या न्यायाधीश आजोबांच्या थाटात कागद घेतला आणि आईची बाजू लिहिली: थंडी सोसत नाही, मैत्रिणींची आठवण येते, देवळात चालत जाता येत नाही. तिच्यापुढे ठेवली. तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या आईने चष्मा लावला आणि निबंध तपासावा तसा तो कागद वाचला.

“अरे बाप्पा, हे तर तुझंच आहे सगळं. थंडीचं मी कधी बोलली?”

“मग काय लिहू?”

तिने चष्मा काढला. “तिथे माझ्याजवळ सात घरांच्या किल्ल्या आहेत रे. कोणाचं पोरगं शाळेतून येते, कोणाचा गॅसवाला येते. दिवसभर कोणी ना कोणी ‘काकू, किल्ली’ म्हणत दारात उभं. इथे तुमच्या दाराला आकडे आहेत. आकडे दाबले की उघडते. माझं काय काम?”

मीच हौसेने बसवलेलं ते कुलूप. त्याचं कौतुक मी आईला तीनदा सांगितलं होतं.

मी तिचे शब्द तसेच्या तसे लिहिले. ती बाहेरची पानं बघत होती, आणि मला तो शिंपी आठवत होता. पुढे त्याने सगळं गमावलं; पण आपलं म्हणणं परक्या देशातल्या एका कागदावर कुणीतरी नीट उतरवलेलं त्याने ऐकलं असेल, तेव्हा त्याने मान डोलवली असेल का? खाली निकालापुरती जागा उरली होती. तिथे ‘तिकीट कायम’ एवढंच लिहायचं, हे आता मला ठाऊक होतं. लिहवत मात्र नव्हतं.

आईच्या ते ध्यानात आलं असावं. तिने कागद उलटा केला, कोरी बाजू माझ्यापुढे सरकवली आणि शाळेतल्या आवाजात म्हणाली, “आता तुझी लिही. मी वाचते.”

सगळ्या खानदानाचे निकाल दिलेला मी, पेन धरून बसलो. बाबा गेले तेव्हा मी विमानात होतो, हे पहिलं वाक्य. ते लिहायलाच ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं. आई घाई करत नव्हती. चष्मा पुसत समोर बसली होती.