चाळीस कुठे संपतं

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे लालबागच्या आमच्या चाळीत कोणालाही विचारा. पण स्टिअरिंगवर बसले की मी गरीब गाय. कारण बाबा. बाबांनी उभी हयात शहरातली बस चालवली, आणि रस्त्याच्या कडेला पाटीवर जो आकडा असेल तो त्यांच्यासाठी शेवटचा शब्द. मला गाडी त्यांनीच शिकवली. पाटी दिसली की पाय उचलायचा, मागचा बोंबलू दे नाहीतर हॉर्न वाजवून मरू दे. ते वळण अंगात असं मुरलंय की चाळीसच्या पाटीपुढे काटा बेचाळीसवर गेला तरी मला चोरी केल्यासारखं वाटतं.

आणि या सरळपणाची आजच्या रस्त्यांवर काय किंमत आहे? आमच्या लालबागच्या पुलावर एक आकडा, पूल उतरून शीवकडे गेलात की दुसरा, खाडी ओलांडली की पोलीस वेगळे म्हणून आकडाही वेगळा. पाटी झाडाच्या फांदीआड, नाहीतर वाकून गटाराकडे तोंड करून उभी. कॅमेरा मात्र कधी झाडाआड नसतो. मागच्या वर्षी एकाच सकाळी, एकाच वेगाने मी दोन पूल ओलांडले. पहिल्यावर मी शहाणी नागरिक, दुसऱ्यावर गुन्हेगार. मोबाइलवर फोटोसकट दंडाची पावती. वाहतूक पोलिसांना फोन करून विचारलं तर पलीकडची बाई म्हणाली, मॅडम, तिथून हद्द बदलते. मी म्हटलं, बदलते हे तुम्ही कोणाला सांगितलंत? तिने फोन ठेवला. तेव्हापासून मी जास्तच घाबरून चालवू लागले, हे खरं.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे गेल्या गणपतीतला गावचा प्रवास. तो आठवला की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

आमचं गाव खेडच्या अलीकडे, हमरस्त्यापासून आत. घराणं एक, गणपती एक, आणि चार भावांची चार घरं. पूजेला बसायचा मान पाळीने फिरतो, म्हणजे एकेका घराला चार वर्षांनी एकदा. गेल्या वर्षीची पाळी आमची होती. पण बाबा त्याआधीच गेले. त्यांना मुलगा नाही, मी एकटी. लग्न केलं नाही, आडनाव बदललं नाही, अठ्ठेचाळीस वर्षं त्याच खोलीत राहिले. बाबा अंथरुणाला खिळले होते तेव्हा मी त्यांना सरळ विचारलं, पाळीला मी बसू ना? ते म्हणाले, "बस की. तू नाही तर कोण?" माझ्यासाठी विषय तिथेच संपला होता.

गावाला राहणाऱ्या धाकट्या काकांसाठी नव्हता संपला. दोन महिने फोनवर आमची जुंपली. आपल्यात बायका बसत नाहीत, म्हणे. मी म्हटलं, कुठे लिहिलंय ते दाखवा. लोक काय म्हणतील, म्हणे. मी म्हटलं, लोक आत्ता काय म्हणतायत ते तुम्हाला माहीत नाही म्हणून बरं आहे. शेवटी ते चिडून म्हणाले की आमच्या वाडीला गुरुजी एकच, मोटरसायकलवरून घरोघर फिरतात, आपल्याकडे बारा वाजता येतात. बाराला दारात असलीस तर बस, नसलीस तर तुमच्या घराच्या वतीने मी बसेन. मी म्हटलं, ठरलं. बाराच्या आधी पोहोचणं, एवढंच माझ्या हातात होतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी काकांच्या मुलाचा फोन. तो घोडपदेवला राहतो, टुरिस्ट गाड्या चालवतो. ताई, गाडी जातेय ना, मी येतो. आता याला नाही कसं म्हणणार? आमच्यात गणपतीला गाडी गावाला निघाली की रिकामी सीट ही भावकीची असते. ती रिकामी नेली तर वर्षभर गावात तोच विषय. शिवाय मला वाटलं, हा धंदेवाईक ड्रायव्हर, आठवड्याचे सहा दिवस त्याच रस्त्यावर असतो, बाजूला असला तर मदतच होईल. माझ्या अकलेला तेव्हा काय झालं होतं कोण जाणे.

पहाटे चारला निघालो. मागे आई, पूजेचं सामान मांडीवर घेऊन. पुढे तो, कारण मागे बसला की त्याला उलटी होते. टुरिस्ट गाडीच्या ड्रायव्हरला गाडी लागते, हे ऐकूनच मी सावध व्हायला हवं होतं. उजाडायच्या आत शहर सुटलं, पनवेल मागे पडलं. पेणला आईला चहा हवा झाला. हा उतरला, टपरीच्या मागे जाऊन फोनवर कोणाशी तरी बोलून आला. साडेसहा वाजले होते. मी खूश होते. अशी गेले असते तर साडेदहाला दारात.

पुढे तो रस्ता सुरू झाला. ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको. थोडा पांढराशुभ्र सिमेंटचा, त्यावर ऐंशीची पाटी. लगेच खणलेला, पत्र्याचे अडथळे, त्यावर चाळीस. मग पुन्हा सिमेंट, गुळगुळीत, मोकळं, आणि पाटी काहीच नाही. चाळीस कुठून सुरू होतं ते ठळक लिहितात, संपतं कुठे ते सांगायला कोणाच्या बापाला सवड नाही. मी पाय दाबायला गेले तर हा म्हणाला, ताई, दुसरी पाटी लागेपर्यंत चाळीसच धरायचं, मागच्या महिन्यात मला इथेच पावती आली. आणि दुसरी पाटी असते कुठे? पुढाऱ्यांच्या फ्लेक्सच्या मागे. चाकरमान्यांचं हार्दिक स्वागत, एकाखाली एक पंधरा हात जोडलेले चेहरे, आणि त्यांच्या मागे दडलेला एक आकडा.

मग मी मोकळ्या रस्त्यावर चाळीसने जात राहिले. एसट्या गेल्या, टेम्पो गेले, डोक्यावर मखर बांधलेली एक रिक्षासुद्धा गेली. रिक्षावाल्याने जाताना वळून बघितलं. मी दर दहा मिनिटांनी घड्याळ बघायचे आणि याला विचारायचे, आता वाढवू का? हा मोबाइल पुढे धरायचा. ड्रायव्हर लोकांच्या ग्रुपवर मेसेज आलाय, पुढच्या वळणावर पोलीस स्पीडगन घेऊन उभे आहेत. वळणावर कुत्रं नसायचं. चहाला गेले असतील, असं म्हणून हा खिडकीबाहेर बघायचा. माणगावला रांगेत पाऊण तास गेला, तो कोणाच्याच हातात नव्हता. पण त्यानंतर आईला आधी गोळी घ्यायची होती, मग बाथरूमला जायचं होतं, मग पाय आखडले म्हणून उतरायचं होतं. मी तिच्यावर खेकसले. ती काही बोलली नाही, त्याचं मला नवल वाटायला हवं होतं.

महाडच्या पुढे माझा धीर सुटला. म्हटलं, मरू दे पावती, आणि काटा सत्तरवर नेला. तर हा म्हणाला, "ताई, मोठ्या काकांनी आयुष्यात कधी पाटी मोडली नाही. आज त्यांच्याच पाळीला जाताना मोडणार तू?" झालं. माझा पाय आपोआप वर आला. कशेडीचा बोगदा आला, तिथे तिसराच आकडा, पलीकडे रत्नागिरी जिल्हा, चौथा. मी प्रत्येक आकड्यापुढे मान खाली घालून गेले. गाडी वाडीत शिरली तेव्हा पाऊण वाजला होता.

अंगणात चपलांचा ढीग होता. काका सोवळं नेसून ओटीवर उभे, हातात प्रसादाचं ताट. गुरुजी येऊन गेलेले. मी गाडीतून उतरले ती तशीच उभी राहिले. म्हटलं, काका, पाऊणच तास उशीर झाला, गुरुजींना थोडं थांबवता आलं नाही? काका अगदी सहज म्हणाले की थांबवायचं कशाला, याचा सकाळीच पेणहून फोन आला होता, दोन वाजतील म्हणून. मग मी गुरुजींना अकरालाच बोलावून घेतलं.

पेणहून. साडेसहाला. साडेसहाला याला कसं कळलं की आम्हाला उशीर होणार आहे? माणगावची रांग तेव्हा याने कुठे बघितली होती? माझ्या डोक्यात सगळा रस्ता उलटा फिरला. वळणावरचे नसलेले पोलीस, ते मेसेज, दुसरी पाटी लागेपर्यंत चाळीसच. मी भर अंगणात, आरतीला जमलेल्या सगळ्या वाडीसमोर त्याची कॉलर धरली. जे तोंडाला आलं ते बोलले, आणि लालबागमध्ये अठ्ठेचाळीस वर्षं काढलेल्या बाईच्या तोंडाला काय काय येतं ते इथे लिहीत नाही. तो सोडवूनही घेत नव्हता. माझ्या खांद्यावरून मागे बघत होता फक्त.

मागे आई होती. पायरीवर बसून चपला काढत होती.

"सोड त्याला. मी सांगितलं होतं त्याला," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. आई तशीच, वर न बघता बोलत राहिली. तू बसली असतीस आणि वाडीतलं कोणी जेवायला आलं नसतं, तर ती पानं मी कोणाला वाढली असती? मला याच माणसांत मरायचंय. तुझं काय, तू चार दिवसांनी ऑफिसला जाशील.

मी म्हटलं, "आणि बाबा हो म्हणाले होते, त्याचं काय?"

"तुला हो म्हणाले," आई म्हणाली. "तू खोलीतून गेल्यावर मला म्हणाले, पोरीला दुखवू नको, पण बसू देऊ नको."

काकांनी प्रसादाचं ताट माझ्यापुढे केलं, आणि मी ते घेतलंसुद्धा.

त्याला आता वर्ष होत आलं. आम्ही दोघी त्याच खोलीत राहतो, एकमेकींना चहा करून देतो. बाबा खरंच तसं म्हणाले का, हे मी तिला पुन्हा विचारलेलं नाही. म्हणाले असतील तर बाबा माझ्याशी खोटं बोलले, आणि नसतील तर मेलेल्या माणसाच्या तोंडात हिने शब्द घातले. एकदा कळलं की दोघांतल्या एकाला मला सोडून द्यावं लागेल. म्हणून मी विचारत नाही, आणि दोघांवरही चिडलेली राहते.