चंद्रावरचा सडा

चंद्रावर धूळ आहे, ही गोष्ट आमच्या मोठ्या भाऊजींइतकी जगात कुणीच मनावर घेतलेली नाही. लोक चंद्राकडे बघून काय काय करतात. भाऊजी तिथं चाक रुतेल का, एवढाच विचार करायचे. हे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. लग्न केलं नाही, आयुष्यभर अभियांत्रिकी कॉलेजात यंत्रं शिकवली आणि निवृत्तीच्या तोंडावर बंगळुरूच्या अंतराळ संशोधकांकडून एक काम मिळवलं. चंद्रावर फिरणाऱ्या गाडीसाठी असं चाक करायचं, जे भुसभुशीत धुळीच्या चढावर घसरणार नाही. "रुतलं तर तिथं ढकलायला कुणी नाही," हे वाक्य ते दिवसातून दोनदा म्हणत, आणि दर वेळी आम्हाला ते नव्यानं सांगतोय अशा चेहऱ्यानं.

ती दुष्काळाची वर्षं होती. नळाला आठ-आठ दिवस पाणी नसायचं आणि शहर मात्र चारी बाजूंनी खणलेलं. नव्या वसाहती, नवे पूल, नसलेल्या पाण्यासाठी नव्या पाइपलाइनी. आम्ही सगळे नाकाला रुमाल लावून हिंडायचो. भाऊजी खिशात चमचा आणि बरणी घेऊन. कुठंही उकरलेला रस्ता दिसला की बसकण मारायची, मुठीतून धूळ हळूहळू सोडायची आणि ढीग किती उतरता होतो ते मान वाकडी करून बघायचं. एकदा क्रांती चौकात, भर दुपारी, वाहतूक पोलिसानं त्यांना ऊन लागलं समजून सावलीत बसवलं आणि मला फोन केला. मी ऑफिसातून रिक्षा करून गेले. "इथली धूळ जाड आहे, चालणार नाही," भाऊजी मला म्हणाले. पोलिसानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तेवढी सहानुभूती मला सासरी वीस वर्षांत मिळालेली नाही. दुसऱ्यांदा ते शहागंजात पिठाच्या चाळण्या घ्यायला गेले, भिंग घेऊन. तासभर एकेक चाळणी उजेडात धरल्यावर दुकानदार म्हणाला, "चाचा, घर में शादी है क्या?" भाऊजींनी खरं ते सांगितलं, की चंद्राची माती चाळायची आहे. दुकानदारानं एक चाळणी फुकट दिली आणि विषय मिटवला.

कॉलेजनं जागा दिली नाही, म्हणून चंद्र आमच्या मोकळ्या प्लॉटवर आला. तिथं मला भाड्यानं द्यायला दोन खोल्या बांधायच्या होत्या. त्याऐवजी पत्र्याच्या शेडखाली विटांचा लांबलचक हौद झाला आणि शहराबाहेरच्या खडी क्रशरवरून ट्रॉलीभर दगडाची भुकटी आली. चंद्रावरचे काळे डाग आणि आपला मराठवाड्याचा काळा दगड एकाच जातीचे, असं भाऊजींचं म्हणणं. भुकटी चाळून पिठासारखी केली की झाली चंद्राची जमीन. हौदाचं एक टोक उंच करून चढ केला. तिथं वजन सहा पटींनी कमी भरतं म्हणून चाकाला दोरी बांधून बरंचसं वजन वरून तोलून धरायचं. त्यासाठी कप्पी हवी होती. आमची विहीर आटलेलीच होती. तिची रिकामी कप्पी त्यांनी चंद्राच्या कामाला लावली.

एप्रिलात बंगळुरूची माणसं चाक बघायला यायची ठरली. मी भाऊजींना स्पष्ट विचारलं, की जागा कधी मोकळी होणार. ते म्हणाले, "चढलं तर चाक बंगळुरूला जाईल. नाही चढलं तर पाच वर्षांचं काम बंद. दोन्हीकडून जागा तुमचीच, वहिनी." हसून म्हणाले, पण त्या आठवड्यात त्यांच्या ताटात पोळी उरायला लागली. चाक तीनदा चालवलं तर एकदा चढायचं आणि दोनदा जागच्या जागी फिरत स्वतःची कबर खणायचं. त्यांनी चाकावरच्या पट्ट्या उंच केल्या, जाड केल्या, वाढवल्या, कमी केल्या. काही उपयोग नव्हता. हे त्यांनी फक्त मला सांगितलं, कारण मी 'होईल हो सगळं नीट' असं म्हणत नाही.

पाहुणे रविवारी यायचे होते. शनिवारी सकाळी मी चहा घेऊन शेडमध्ये गेले तर भाऊजी खांबाला धरून उभे. अख्ख्या चंद्रावर सडा टाकलेला होता, आणि चढाच्या पायथ्याशी छान ठिपक्यांची रांगोळी.

हे कौसाबाईचं काम. ती सिल्लोडकडची, मेंढपाळांच्या घरातली. दुष्काळात मेंढरं विकून नवरा-बायको शहरात आले होते आणि शेजारच्या अर्धवट इमारतीवर राखण करून राहत होते. ती आमच्याकडे भांडी घासायची. बाहेरच पदर खोचून उभी होती, शाबासकीच्या अपेक्षेनं.

"उद्या सायब लोक येनार म्हनलं. तिथं लई फुफाटा उडत व्हता, ताई. बरं दिसतं का ते?"

"पाणी कुठलं आणलंस?"

"टँकरचं. माझ्या वाटनीच्या दोन बादल्या."

आठवड्याला मोजून चार बादल्या मिळणाऱ्या बाईला काय बोलणार? बहुतेक काहीतरी करायचं म्हणून भाऊजींनी मोटर सुरू केली. चाक त्या ओल्या भुकटीवरून सरळ वरपर्यंत चढलं. परत सोडलं, परत चढलं.

मी म्हटलं, "झालं तर मग. राहू द्या असंच. वरून सुकी भुकटी भुरभुरवू, कुणाला कळतंय."

"वहिनी, चंद्रावर कौसाबाई नाही," भाऊजी म्हणाले.

आणि ते हौदावर वाकून बघत राहिले. सुक्या धुळीत चाकामागचा माग लगेच ढासळायचा. ओल्या धुळीत तो ठसठशीत उमटला होता, साच्यातून काढावा तसा. भाऊजींनी बोट फिरवून दाखवलं: प्रत्येक पट्टी भुकटी दोन्ही कडांना बाहेर लोटत होती. म्हणजे चाक ज्या धुळीवर उभं राहणार, तीच पायाखालून काढून टाकत होतं. पट्ट्यांची बाणाच्या टोकासारखी तिरकी ठेवण त्यांनी ट्रॅक्टरच्या टायरवरून घेतली होती. चिखल बाहेर फेकायला ती उत्तम. पण चिखल कुठं होता?

"पाच वर्षं," भाऊजी हळूच म्हणाले, "मी चाक उलटं चालवतोय."

चार नट सोडून त्यांनी चाक फिरवून बसवलं. आता पट्ट्या धूळ आत ओढणार होत्या. पण खरी परीक्षा कोरड्यावरच, आणि हातात एकच दिवस. इथून पुढं मी सूत्रं घेतली, कारण वाळवण हा भाऊजींचा विषय नव्हे. शेजारच्या नसीमभाभींची गच्ची मोठी, त्यांनी विचारलं, "क्या, चाँद सुखाना है?" मी हो म्हटल्यावर पापडाच्या चादरी काढून दिल्या. गल्लीतल्या बायका घमेली घेऊन आल्या. कौसाबाई तर एकाच वेळी दोन घमेली उचलत होती; आपल्या हातून काय झालं हे तिला एव्हाना कळलं होतं. भुकटी पातळ पसरायची, तासातासानं हात फिरवायचा, मग चाळायची. भाऊजी प्रत्येक चादरीपाशी जाऊन बोटं घालून बघत. शेवटी भाभींनी त्यांना गच्चीवरून खाली पाठवलं. मराठवाड्याच्या त्या उन्हाला मी जन्मभर नावं ठेवली आहेत. त्या एका दिवसापुरती मागं घेते. संध्याकाळपर्यंत चंद्र हौदात परत भरला होता आणि आम्ही सगळ्या राखाडी झालो होतो.

रविवारी तिघे जण आले. चाक सुटलं. पहिल्या हातभर अंतरावर ते किंचित खाली बसलं आणि माझ्या शेजारी कौसाबाईनं माझा दंड गच्च धरला. मग ते बसलंच नाही. धूळ पोटाशी घेत, सावकाश, एखाद्या हट्टी म्हशीसारखं वर गेलं. तीनदा सोडलं, तिन्हीदा गेलं. पाहुण्यांनी चढ वाढवायला लावला, तरी गेलं. गच्चीवरून भाभींनी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्या गल्लीनं. पाहुण्यांपैकी वयस्कर होते त्यांनी विचारलं, हे कसं सुचलं? भाऊजींनी कौसाबाईला पुढं ओढलं. "यांनी सडा टाकला म्हणून." अहवालात मात्र 'नियंत्रित ओलाव्याचा प्रयोग' असं छापून आलं. भाऊजी त्यावर महिनाभर चिडलेले होते.

चाक लाकडी खोक्यातून बंगळुरूला गेलं. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, तशी कौसाबाई गावी परतली. नंतर पत्र आलं: चाकाची रचना पुढच्या एका गाडीसाठी निवडली आहे. साल लिहिलेलं नव्हतं. भाऊजी म्हणाले, हे तिला सांगायला जाऊ. फोनवर सांगता येईल म्हटलं तर ऐकेनात, म्हणून मीही निघाले.

सिल्लोडच्या पुढं, माळावर, ती दहा-बारा नव्या मेंढरांमागं सापडली. भाऊजींनी पत्र वाचून दाखवलं. तिनं नीट ऐकून घेतलं.

"तिथं कोन ऱ्हातं का, सर?"

"कुणीच नाही."

"मग चाक एकलंच फिरनार?"

"एकटंच."

तिनं जरा विचार केला. "ऱ्हाईल की. सवय पडती."

परतीच्या बसमध्ये फुलंब्री आलं. भाऊजी खिडकीकडे बघतच म्हणाले, "बरोबर सांगितलं तिनं. होते सवय." एरवी मी विचारलं असतं, काय म्हणून. त्या दिवशी पिशवीतला डबा काढला आणि त्यांच्यापुढं धरला. त्यांनी दोन पोळ्या खाल्ल्या.