दिवेलागणीचा फोन

रंगा गेल्याची बातमी मला मॉरिशसहून कळली. रंगनाथचं घर निरवांगीत, माझं शेळगावात. मोटारसायकलला किक मारली की पोचलोच. तरी बातमी आली ती समुद्र ओलांडून. संध्याकाळी अंगणात डाळिंबं निवडत बसलो होतो. भलामोठा अनोळखी नंबर आला आणि पलीकडून एक माणूस हिंदीत म्हणाला, "शिरपा भैया? मैं राजेन... रंगा भैया नहीं रहे." हा रंगाच्या जुन्या वीजघरातला माणूस, रंगा रोज त्याला फोन करायचा. त्या दिवशी आला नाही म्हणून त्यानेच केला, आणि रडारडीत रंगाच्या सुनेनं त्याला सांगून टाकलं. घरात कुणाला काही सुचत नव्हतं, मला कळवणं तर लांबच. त्या क्षणी मला दुःख व्हायला हवं होतं. मला राग आला. जन्माचा मित्र माझा, आणि तो गेल्याचं हा कोण कुठला राजेन मला सांगतो?

बावड्याच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. बारामतीला आयटीआय करताना एक खोली, एक सायकल आणि लग्नाकार्याला घालायचा एकच बरा शर्ट. पुढे मी पाटबंधारे खात्यात चिकटलो, कालव्यावर. रंगा पाण्यावर चालणारी वीजयंत्रं बसवणाऱ्या कंपनीत लागला, आणि कंपनीने त्याला मॉरिशसला डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका वीजघरात धाडलं. दोन वर्षांसाठी गेलेला माणूस तिथे चांगला रमला. म्हातारी आई एकटी पडली म्हणून परत आला खरा, पण नुसता अंगाने. कशावरही बोला, हा 'आमच्या बेटावर' म्हणून सुरू व्हायचा. तिथेही उसाचेच मळे, पण पाऊस पडतो तो असा... आंबे असे, माणसं अशी. मी जळायचो. मला त्या बेटाला जायचं नव्हतं. मला फक्त त्या बेटाच्या आधीचा रंगा हवा होता.

एकदा माझ्याबरोबर कालव्याच्या भरावावरून चालताना म्हणाला, "शिरपा, तितं पाण्यातनं वीज काढून घेत्यात आन् पाणी हाय तेवढंच खाली सोडत्यात. येक थेंब कमी हुत न्हाय."

"मग त्यातलं हिकडं धाड की थोडं. शेवटच्या चारीवरच्या लोकांच्या शिव्या मी खातोय."

त्यावर पोट धरून हसला, आणि दिवेलागण झाली तसा मला तिथेच भरावावर सोडून फोन लावायला बाजूला गेला. तेव्हा बेटावर संध्याकाळच्या विजेसाठी यंत्रं सुरू करायची वेळ असते. पहिला प्रश्न, "पानी कितना है?" दुसरा, "दो नंबर कैसी है?" मग पलीकडचा राजेन म्हणे फोन त्या दोन नंबरच्या यंत्राजवळ धरायचा आणि हा डोळे मिटून नुसती घरघर ऐकायचा. घरी कुणीही आलेलं असो, चहा ओतलेला असो, दिवेलागणीला रंगा आमचा नसायचाच. मी समोर बसून तो चेहरा बघायचो. तसा चेहरा माझ्याशी बोलताना त्याने कधी केला नाही.

माझ्या थोरल्याचं लग्न बारामतीला, गोरज मुहूर्तावर होतं. मंगलाष्टकं सुरू झाली, अक्षता वाटून झाल्या आणि माझ्या शेजारची जागा रिकामी. अक्षता पडल्यावर बघतो तर गडी मांडवाबाहेर, जनरेटरच्या आडोशाला, कानाला फोन. मला बघून म्हणाला, "दोन नंबरचं बेअरिंग बदललंय, आज पयल्यांदा फिरणार हुतं रं..." "माझ्या पोराचं लगीन बी आज पयल्यांदाच हुतं!" एवढंच म्हणालो. महिनाभर बोललो नाही. नंतर तो घरी आला, मी चहा दिला, जाणंयेणं सुरू झालं, पण तो विषय आम्ही दोघांनी पुन्हा काढला नाही.

दहाव्याला निरेच्या काठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोर बाभळीवर कावळ्यांची रांग, पण एक खाली उतरेल तर शपथ. रंगाचा मुलगा म्हणाला, "आबा, आईला सांभाळीन." वहिनींनी हात जोडले. ऊन चढायला लागलं. मग वहिनी माझ्याकडे वळल्या. "भावजी, तुमीच सांगा, काय राह्यलं आसंल त्यांच्या मनात?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला मनातून बरं वाटलं. मी पुढे झालो आणि म्हणालो, "रंगा, तुझ्या घराकडं माझं ध्यान राहील." कावळे जागचे हलले नाहीत. तेवढ्यात मुलाचा फोन वाजला. राजेनच! त्याला सगळं सांगितल्यावर तो वीजघरात पळाला आणि त्याने दोन नंबरचं यंत्र चालू करून ऐकवलं. नदीकाठी त्या फोनच्या स्पीकरमधून घरघर सुरू झाली. आता कावळा उतरणार, आणि रंगा कुणाचा होता ते गावादेखत ठरणार... घरघर थांबली. एकही कावळा उतरला नाही. सांगायला लाज वाटते, पण मला हायसं वाटलं.

फोन अजून चालू होता. "शिरपा भैया हैं वहाँ?" राजेननं विचारलं. मुलगा हो म्हणाला तसा तो म्हणाला, "उनसे कहो, वो शादीवाली बात... भैया हमेशा कहते थे, शिरपा चाय तो पिलाता है, पर गुस्सा नहीं छोड़ा. इसीलिए तो नंबर मुझे दिया था. बोले, मैं न रहूँ तो पहले उसको बताना."

मी पिंडासमोर बसलो. "रंगा," म्हणालो, "अक्षतांचा राग सोडला रे." उठून मागे सरलो. पंखांचा आवाज झाला, कावळा पिंडाला शिवला आणि वहिनींना हुंदका फुटला. कावळ्यांना तोवर भूक लागली असेल, असंही कुणी म्हणेल. म्हणू दे. तो माझ्या शब्दाला आला. पण कोणता शब्द द्यायचा, ते मात्र समुद्रापलीकडच्या माणसाला ठाऊक होतं आणि मला नव्हतं, हे अजून सलतं.

आता दिवेलागणीला राजेनचा फोन मला येतो. पहिल्यांदा मी उचललाच नाही. दुसऱ्या दिवशी उचलला आणि काय बोलावं सुचेना, म्हणून विचारलं, "पानी कितना है?" हल्ली दोन नंबरही ऐकतो. त्यातलं मला काही कळत नाही, पण डोळे आपोआप मिटतात. परवा निरवांगीला गेलो होतो. वहिनी म्हणाल्या, "भावजी, त्यो फोन आता मला येऊ द्या की. घरात दिवा लावला की लई सुनं वाटतं." "बघू," म्हणालो.

अजून राजेनला वहिनींचा नंबर दिलेला नाही.